मिठाईच्या डब्यातल्या सुया

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात "तुम्ही काय करता?" असं कुणी विचारलं, की मी "एका दवाखान्यात नर्स आहे" एवढं सांगून तिळगूळ पुढे करायचे. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. एकदाच, एका संक्रांतीला, लष्कराच्या फोर्ट विल्यममध्ये नुकत्याच बदलून आलेल्या एका कर्नलसाहेबांच्या पत्नीला मी खरं सांगून टाकलं.

"मी नशा करणाऱ्या लोकांना नव्या सुया वाटते."

त्यांचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी येऊन थांबलं. "फुकट?"

"फुकट."

"आणि मग ते काय करतात त्यांचं?"

"टोचून घेतात."

कुंकू लागलं, पण जरा तिरकंच. त्यानंतर त्या बाई मला पाहिलं की पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या. मला राग नाही आला, कारण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीही माझी पर्स कपाटात कुलूप घालून ठेवत होते. आता निवृत्त झाले आहे. मंडळाच्या अंकाच्या संपादिकाबाईंनी "काहीही लिहा, पण रेसिपी नको" अशी गळ घातली आहे, तेव्हा एकदा सगळं सांगूनच टाकते.

मी सोलापूरची, नर्सिंगही तिथलंच. नवऱ्याची बँकेतली बदली तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला झाली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. एका संस्थेला नर्स हवी होती, पगार बेताचा होता आणि बंगाली येत नसलं तरी चालणार होतं. शियालदा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत कॅरम, वर्तमानपत्रं आणि मोबाइल चार्ज करायची सोय. मागच्या खोलीत माझं टेबल, मलमपट्टीचं सामान, नव्या सुयांची खोकी, आणि कोपऱ्यात वापरलेल्या सुया टाकायचा जाड प्लास्टिकचा डबा.

काम काय, ते सरळ सांगते. एकाने टोचलेली सुई दुसऱ्याने टोचून घेतली, की आत राहिलेलं थेंबभर रक्त त्याच्या अंगात जातं. त्या थेंबातून एचआयव्ही जातो, कावीळ जाते. नशा सोडवणं हे लांबचं काम आहे, महिन्यांचं, कधी वर्षांचं. ती सुटेपर्यंत माणूस धडधाकट राहिला पाहिजे, म्हणून प्रत्येकाला स्वतःची कोरी सुई. सोडायची इच्छा झाली की जिभेखाली ठेवायचं औषध रोज आमच्यासमोर घ्यायचं, त्याने सुईची ओढ कमी होते. पण ती इच्छा होईपर्यंत माणूस आमच्याकडे येत राहायला हवा ना? सुईच्या निमित्ताने तो येतो, मग जखम दाखवतो, मग एक दिवस घरचं बोलतो.

"मी कुणाची सुई घेत नाही, दीदी," असं लोक मोठ्या अभिमानाने सांगायचे. मग मी विचारायचे, "आणि नशेचं औषध कालवायचं पाणी? गाळायचा कापूस?" की गडी कॅरमकडे वळायचा. सुया चार आणि पाण्याची वाटी एकच, हा प्रकार मला कळायला पहिलं वर्ष गेलं. पाण्यातूनही तेच जातं, हे मग मी इतक्यांदा सांगितलं, की मला लांबून येताना पाहून पोरं "पानी, तूलो" म्हणून ओरडायची. तूलो म्हणजे कापूस.

आमच्याकडे वस्तीत जाऊन काम करणारे होते शंकरदा. माझ्याच वयाचे, सडपातळ, पायात कायम रबरी चपला. त्यांनी स्वतः दहा वर्षं सुई घेतली होती आणि मग सोडून नऊ वर्षं झाली होती. कालव्याच्या कडेला, पुलाखाली, गोदामांच्या मागे कोण कुठे बसतं हे त्यांना तोंडपाठ. नवा माणूस केंद्रात यायला घाबरतोय असं दिसलं, की शंकरदा आपली बाही वर करायचे. कोपरापासून मनगटापर्यंत जुने वण. ते पाहिलं की समोरच्याला आणखी काही सांगावं लागत नसे. एचआयव्हीच्या तपासणीला लोक जायला तयार नसत, तेव्हाही शंकरदाच त्यांना सरकारी हॉस्पिटलात घेऊन जायचे आणि रिपोर्ट मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे.

आता माझी चूक.

लोक वापरलेल्या सुया परत आणायचे त्या कशाही. शर्टाच्या खिशातून, चपलेच्या पट्ट्यात अडकवून, एक तर कानावर पेन्सिलीसारखी. नियम साधा होता. ज्याची सुई त्याने स्वतःच्या हाताने डब्यात टाकायची, आपण हात लावायचा नाही, खाली पडलीच तर चिमट्याने उचलायची. पण लोक लांबूनच नेम धरून टाकायचे, फरशीवर रक्ताचे ठिपके पडायचे आणि ते पुसायचे मी. आमच्या आईने आम्हाला वाण्याकडे रिकामी पिशवीसुद्धा घडी घालून न्यायला शिकवलं होतं. एका दुपारी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणाच्या हातात काही देताना असं देतात का? घरी पाहुण्याला असं द्याल? नीट आणा."

आणि त्यांनी नीट आणलं! कुणी कागदात गुंडाळून, कुणी पुडी बांधून. सुयांवर टोपणं परत लावलेली. सगळ्यांत कडी केली मास्टरमोशाय यांनी. मास्टरमोशाय म्हणजे मास्तर; हे गृहस्थ एके काळी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आल्यावर आधी वर्तमानपत्र वाचायचं, त्याची मूळ घडी घालायची आणि मगच आत यायचं. केंद्रात यायला लाजणाऱ्या आणखी पाच जणांच्या सुया ते गोळा करून आणायचे. माझं बोलणं ऐकल्यावर ते संदेश मिठाईच्या रिकाम्या डब्यात सुया घालून आणायला लागले. पुठ्ठ्याचा गुलाबी डबा, वर दोरी, दोरीची सुबक गाठ. दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवून म्हणायचे, "दीदी, घ्या."

मी काय खूश! केंद्राची पाहणी करायला आलेल्या साहेबांनीसुद्धा कौतुक केलं, फोटो काढले. पुडी आली म्हणजे ती कुणीतरी उघडायला हवी, हे माझ्यासारख्या वीस वर्षं नर्सगिरी केलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण इतकं छान चाललंय तर कशाला मोडायचं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. उघडायचं काम आपसूक शंकरदांकडे गेलं होतं, आणि त्याबद्दल मी त्यांना एका शब्दाने विचारलं नव्हतं.

एका सकाळी गाठ सुटेना, म्हणून शंकरदांनी डबा डाव्या हाताने घट्ट दाबून धरला. आतलं एक टोपण निघालेलं होतं. सुई पुठ्ठ्यातून बाहेर आली आणि त्यांच्या अंगठ्यात गेली. ते ओरडले नाहीत. "अरे," एवढंच म्हणाले आणि अंगठ्याकडे बघत राहिले.

मी त्यांना ओढत नळाखाली नेलं. साबण आणि वाहतं पाणी. दाबायचं नाही, चोखायचं नाही. त्या डब्यात सहा जणांच्या सुया होत्या. कुणाची टोचली हे देवालाही सांगता आलं नसतं. त्या सहांतल्या दोघांना शंकरदांनीच तपासणीला नेलं होतं आणि त्यांना संसर्ग होता, हे मला रजिस्टरमुळे माहीत होतं आणि शंकरदांनाही.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. शक्य तितक्या लवकर, तासा-दोन तासांत, औषध सुरू करायचं आणि अठ्ठावीस दिवस न चुकवता घ्यायचं. बहात्तर तास उलटले की उपयोग नाही. आणि पहिल्याच दिवशी एक तपासणी करायची, म्हणजे सुई टोचली तेव्हा माणूस कसा होता हे कागदावर राहतं; नवा संसर्ग रक्तात दिसायला तीन महिनेही लागू शकतात. सरकारी हॉस्पिटलात जायला आम्ही दोघं रिक्षात बसलो.

"दीदी, गोळ्या घेतो," शंकरदा म्हणाले. "टेस्ट नको."

"नको कशी? करावीच लागते. तुमची मागची कधी झाली होती?"

त्यांनी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

"शंकरदा?"

"कधीच नाही केली."

मला वाटलं माझ्या बंगालीचा घोटाळा झाला. पण नाही. शेकडो माणसांना हाताला धरून नेणारा हा माणूस नऊ वर्षं त्या खोलीच्या बाहेर बाकावरच बसला होता. दहा वर्षं एकाच वाटीत चार-चार जणांनी सुया बुडवल्या होत्या, त्यात हा एक. "माहीत नाही तोवर मी ठीक आहे, दीदी," ते म्हणाले. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणायचा, आणि त्याला उत्तर काय द्यायचं हे मला शंकरदांनीच शिकवलं होतं. ते उत्तर त्यांच्यावर उलटवायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी दुसरंच बोलले. "चूक माझी आहे. मी पुड्या करायला लावल्या. आज तपासणी केली नाही आणि पुढे काही निघालं, तर लोक म्हणणार शंकरने पुन्हा सुरू केलं. मी कितीही ओरडून सांगितलं तरी कुणी ऐकणार नाही. आजचा कागद हवाच."

"आणि आजच्याच कागदावर निघालं तर?"

"तर ते जुनं दुखणं आहे, आणि त्याला औषध आहे. ते घेऊन माणसं म्हातारी होतात. तुम्हीच सांगता की सगळ्यांना."

रिक्षा थांबली तरी ते उतरेनात. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "चला, मी पण करते. माझीही कधी झालेली नाही." आणि हे अगदी खरं होतं. इतकी वर्षं लोकांना तपासणीला पिटाळणारी मी, मला कशाला हवी म्हणून कधी खुर्चीत बसले नव्हते.

तिथली समुपदेशक पोरगी माझ्या मुलीच्या वयाची. तिने मला ठरलेले सगळे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले, नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध वगैरे. हे प्रश्न मी स्वतः किती जणांना विचारले असतील, पण उत्तर देताना माझे कान तापले. रक्त देताना मी डोळे घट्ट मिटून घेतले. शंकरदांना हसू आलं. "दीदी, तुम्ही तर आमच्यापेक्षा घाबरता," म्हणाले, आणि बाही वर करून खुर्चीत बसले.

अर्धा तास लागला. दोघांचेही निगेटिव्ह. शंकरदांनी त्या मुलीला आपलं नाव पुन्हा वाचायला लावलं, मग वडिलांचं नाव, मग वय. सगळं जुळल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीत तोंड खुपसलं आणि रडले. इतक्या वर्षांची भीती अर्ध्या तासात उतरली होती, आणि आता माझ्यामुळे तीन महिन्यांची नवी बसली होती. मला धड आनंदही होईना आणि धड लाज लपवताही येईना.

औषध सुरू झालं, पण ते घरी न्यायला शंकरदा तयार नव्हते. घर बराकपूरला. बायको मालती, ब्लाउज शिवते. नशा सोडल्यावर पहिली दोन वर्षं ती रोज संध्याकाळी दारातच त्यांना बाही वर करायला लावायची. "गोळ्या दिसल्या आणि अंगठ्याला सुई टोचलेली दिसली, तर ती काय समजेल?" ते म्हणाले. नऊ वर्षांत कमावलेलं सगळं एका अंगठ्यावर आलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी मीच शियालदाहून गाडी पकडून बराकपूरला गेले. मालती मशिनवर होती. पाय न थांबवता तिने माझं सगळं ऐकलं. मी संदेशाचा डबा सांगितला, गाठ सांगितली, माझी शिस्त सांगितली. "शंकरदांची काही चूक नाही, सगळी माझी," असं मी मोडक्या बंगालीत तीनदा म्हणाले.

मशिन थांबली. "गोळी जेवणाआधी की नंतर?"

"नंतर. मळमळेल थोडं."

"मग रात्रीचा भात लवकर लावते," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. मी तिच्या जागी असते तर मला घराबाहेर काढलं असतं.

केंद्रात मी दारातच उभी राहिले आणि येईल त्या प्रत्येकाला सांगितलं, की पुड्या बंद, डबे बंद, टोपण परत लावायचं नाही, सुई सरळ आपल्या हाताने डब्यात टाकायची, मी जे सांगितलं होतं ते चूक होतं. एक जण म्हणाला, "दीदी, तुम्ही माफी मागता तीसुद्धा रागावल्यासारखी." जे झालं ते मी अहवालात माझ्या नावाने लिहिलं. ज्या साहेबांनी फोटो काढले होते त्यांनी त्यावर काहीच कळवलं नाही.

सगळ्यांत वाईट अवस्था मास्टरमोशाय यांची. ते आठ दिवस आलेच नाहीत. आले ते वर्तमानपत्राला हात न लावता सरळ आत. "गाठ मी मारली होती," एवढंच म्हणाले. मग शंकरदाच त्यांना बाहेर घेऊन गेले, चहा पाजला. परत येताना मास्टरमोशाय यांच्या हातात तपासणीची चिठ्ठी होती. जे चार वर्षं माझ्या सांगण्याने झालं नव्हतं ते त्या चहावर झालं. त्यांना संसर्ग निघाला, औषध सुरू झालं, आणि ते आजही इस्त्रीच्या शर्टात हिंडतात. त्या दिवसानंतर त्यांनी शंकरदांच्या गोळ्यांचा हिशेब आपल्याकडे घेतला. रोज येऊन विचारायचे, "आजची झाली?" आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आकडा लिहायचे. अठ्ठावीस आल्यावर त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.

शंकरदा त्या दिवसांत चांगलेच हैराण झाले. उलट्या, चक्कर, नको नको ती स्वप्नं. पण एक दिवसही गोळी चुकली नाही आणि एक दिवसही काम चुकलं नाही. दीड महिन्याची तपासणी ठीक आली. शेवटची, तीन महिन्यांची, दुर्गापूजेच्या थोडं आधी. तोवर माझी झोप अशी काही उडाली होती, की नवरा म्हणाला, "तुझी शेवटची तपासणी कधी आहे, तेवढं सांग."

त्या दिवशी मालतीही आली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. आम्ही तिघं त्याच बाकावर बसलो. मंडपवाल्यांचे बांबू घेऊन टेम्पो जात होते. शंकरदांना आत बोलावलं, आणि पाच मिनिटांत ते कागद हातात घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

निगेटिव्ह.

माझा जीव भांड्यात पडला. मी काय बोलले आठवत नाही, बहुतेक मराठीतच बोलले, कारण दोघं माझ्याकडे बघत होते. मग तिघंही हसू लागलो. शंकरदांनी कागद मालतीला दिला. तिने तो नीट वाचला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला.

"मी दरवर्षी पूजेआधी करून यायचे," ती म्हणाली.

"काय करून?" शंकरदांनी विचारलं.

"हीच टेस्ट. माझी. लाँचने नदी ओलांडून पलीकडच्या हॉस्पिटलात जायचे. इकडे कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही तर करत नव्हता. विचारलं तर घर सोडून जाल असं वाटायचं. मग मी माझं रक्त द्यायचे. माझं ठीक आलं म्हणजे तुमचंही ठीक असेल, असं धरून वर्ष काढायचे."

तसं धरता येत नाही, बायकोचं ठीक आलं म्हणून नवऱ्याचं ठीक असेलच असं नसतं. हे मी हजारदा समजावलं असेल. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही.

"नऊ वर्षं?" शंकरदा म्हणाले.

"नऊ."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"होता का?"

"नव्हता. म्हणून तर जायचे."

आतून पुढचं नाव पुकारलं गेलं, एक बाई उठून गेली. मग शंकरदांनी विचारलं, "या वर्षी कधी जाऊन आलीस?"

मालतीने पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली.

"या वर्षी नाही गेले."